रुबी, जब्या आणि आमची सातवी

शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ झालेला, आणि सातवीच्या वर्गात खिडक्यांना सतरंज्या अडकवून अंधार करायची खटपट चाललेली. आमच्या वर्गात टीव्ही आला आहे, पण पडदे अजून आलेले नाहीत. त्यामुळं सिनेमा बघायचा तर सतरंज्याच उपयोगी पडतात. मुलांनो, सिनेमा म्हटलं की वर्गाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको!

"बाई, मारामारी हाय काय त्यात?"

"गाणी हैत का?"

"इंग्लिश? मग आम्हांस्नी काय कळणार वो?"

मी सांगितलं, मारामारी नाही, गाणीही फारशी नाहीत आणि इंग्रजी माझंही बेताचंच आहे. मधे मधे थांबवून मराठीत सांगत जाईन. ज्याला झोप येईल त्यानं खुशाल झोपावं. कोणी झोपलं नाही.

सिनेमाचं नाव ‘रुबी ब्रिजेस’. अमेरिकेत १९९८ साली तो टीव्हीसाठी काढला गेला. त्यातली गोष्ट मात्र कोणी रचलेली नाही, ती घडलेली आहे. ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या असत. ती नुसती चालरीत नव्हती, तसा कायदाच होता. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की रंगावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनेला धरून नाही. निकाल लागला, पण शाळांची दारं काही दुसऱ्या दिवशी उघडली नाहीत. सहा वर्षं अशीच गेली. निकाल लागला त्याच वर्षी जन्मलेली रुबी सहा वर्षांची झाली, तेव्हा कुठं न्यू ऑर्लिन्स शहरात चार काळ्या मुलींना गोऱ्यांच्या शाळेत पहिलीत घालायचं ठरलं. तिघी एका शाळेत गेल्या. रुबीच्या वाट्याला विल्यम फ्रान्ट्झ नावाची दुसरी शाळा आली, आणि तिथं ती एकटीच होती.

तारीख होती १४ नोव्हेंबर १९६०. आपल्याकडं त्या दिवशी बालदिन असतो! रुबी पांढरा फ्रॉक घालून मोटारीतून उतरली. तिच्या पुढं दोन आणि मागं दोन असे चार सरकारी अधिकारी, कारण शाळेसमोर ही मोठी गर्दी जमलेली आणि ती गर्दी ओरडत होती. रुबीला ओरडण्याचा अर्थच लागला नाही. त्यांच्या शहरात मार्डी ग्रा नावाचा मोठा सण असतो. त्याची मिरवणूक असेल असं तिला वाटलं. (आपल्याकडं एखाद्या लहान पोरीला अनंत चतुर्दशीची मिरवणूक वाटावी, तसं.) पहिला सगळा दिवस ती मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून होती. काचेतून बघत होती, तर गोरे आईबाप येऊन आपापल्या मुलांना घरी घेऊन चाललेले.

दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवायला एक बाई आल्या. बार्बरा हेन्री. त्या गोऱ्याच होत्या, बोस्टनहून आलेल्या. त्या वर्षभर एका रिकाम्या वर्गात एकट्या रुबीला शिकवत राहिल्या. बाहेर रोज गर्दी. एका बाईनं धमकी दिली की हिला विष घालीन, म्हणून रुबीनं फक्त घरून आणलेलंच खायचं असं ठरलं. आणखी एका बाईनं छोट्या शवपेटीत काळी बाहुली ठेवून ती रुबीला दाखवली. रुबीच्या वडलांची नोकरी गेली. दूर मिसिसिपी राज्यात तिचे आजी-आजोबा दुसऱ्याची जमीन कसत होते, त्यांनाही तिथून निघावं लागलं. एवढं सगळं कशासाठी, तर सहा वर्षांची एक पोरगी पहिलीत बसली म्हणून.

बाहुलीचा विषय निघाला तेव्हा आमच्या वर्गात जी शांतता पसरली, तेवढी शांतता मी स्कॉलरशिपच्या परीक्षेतही बघितलेली नाही.

रुबी रिकाम्या वर्गात बाकावर जाऊन बसते ते बघून पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ही तर एकटीच!" आणि त्याच क्षणी तीन-चार डोकी मागं वळली. मागच्या खिडकीजवळच्या शेवटच्या बाकाकडं त्यांनी बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडं तोंडं केली. अंधारात माझ्याशिवाय हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. ते बाक कोणाचं, ते पुढं सांगते. त्या दिवशी मीही काही बोलले नाही.

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. एक जण म्हणाला, "मी असतो तर त्या बायकांस्नी सोडलो नसतो." दुसरा म्हणाला, "गोरी माणसं लई वंगाळ." त्यावर बराच गलका झाला आणि सगळ्यांचं एकमत झालं, की गोरी माणसं वंगाळच.

आता इथं मला थांबावं लागलं. मी विचारलं, "बार्बरा बाई कोण होत्या?" गोऱ्या. "रुबीला शाळेत सोडायला आलेले चौघं?" तेही गोरेच. मग वंगाळ कोण? मुलं विचारात पडली. सिनेमा ही अशी चीज आहे. दीड तासात तो आपल्या मनात घर करतो, पण कुठल्या खोलीत जाऊन बसेल त्याचा नेम नसतो. २०२३ साली अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्यात एका पालकांनी या सिनेमाविरुद्ध तक्रार केली होती. त्यांचं म्हणणं, हा सिनेमा बघून मुलांना वाटेल की गोरे लोक काळ्यांचा द्वेषच करतात. काही दिवस एका शाळेत तो दाखवणं थांबलं, मग समितीनं पाहून परवानगी दिली. मी हे वर्गाला सांगितलं आणि मतं घेतली. ‘दाखवावा’ला पस्तीस हात वर आले, ‘दाखवू नये’ला दोन. त्या दोघांपैकी एकाचं कारण मला पटलं नाही, पण आवडलं. तो म्हणाला, "गोऱ्या पोरांस्नी रडू येत असंल की वो. त्यांचीच आई तिथं ओरडत असंल तर?"

मग सुट्टीच्या आधी एका मुलीनं हात वर केला. "बाई, मी एक विचारू काय? आपल्यात असलं कधी नव्हतं न्हवं? मी काल घरात विचारलो, तर पप्पा म्हटले ते सगळं तिकडं अमेरिकेत." (आमच्या कोल्हापुरात मुली ‘मी आलो, मी विचारलो’ असंच म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत बापडे!)

आपल्यात नव्हतं? अगं, दसरा चौकातून तू रोज जातेस. तिथं शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्या पुतळ्यातल्या माणसानं रुबीच्या आधी एकेचाळीस वर्षं हेच काम इथं केलं. आणि केलं याचाच अर्थ, करायची वेळ आली होती.

म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही इतिहासाच्या तासाला पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं.

आपल्याकडची पहिली ‘रुबी’ शोधायची तर खूप मागं जावं लागतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. इंग्रज सरकारनं त्याला प्रवेश दिला नाही. एका मुलासाठी बाकीचे सगळे नाराज व्हायचे, शाळाच ओस पडायची, असा सरकारचा हिशेब. न्यू ऑर्लिन्सला शाळा खरोखरच ओस पडली, पण रुबीला काढलं नाही. धारवाडला शाळा ओस पडेल या नुसत्या भीतीनं मुलाला दारातूनच परत पाठवलं. पुढं दोन वर्षांनी सरकारनं जाहीर केलं की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या आहेत. पण कागदावर खुल्या आणि खरोखर खुल्या यात किती अंतर असतं ते साताऱ्याच्या एका मुलानं लिहून ठेवलं आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. भीमराव आंबेडकर. हा दिवस आपण शाळेत विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. प्रवेश मिळाला, पण वर्गात बसायचं वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर. ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई येऊन नळ सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसला तर तसंच कोरड्या घशानं बसायचं.

वर्गात एकानं लगेच विचारलं, "मग घरला जायाचं की पाणी प्यायला?" गेला असता तर शाळा बुडली असती. या पोरांना सगळ्यावर उपाय सुचतो, हा एक मोठाच गुण आहे.

आता कोल्हापूर. इथं संस्थान होतं आणि अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या शाळा संस्थानच चालवत असे. काहीच नसण्यापेक्षा वेगळी शाळा बरी, असा तेव्हा विचार होता. शाहू महाराजांनी आधी वसतिगृहं काढायला सुरुवात केली. १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी ती उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना महिना एक रुपया दंड! तेव्हाचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हे.

आणि मग १९१९. त्या वर्षी महाराजांनी हुकूम काढला, की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा येत्या दसऱ्यापासून बंद. त्या मुलांनी इतर मुलांच्याच सरकारी शाळेत यायचं, आणि शिवाशिव न पाळता सगळ्यांना एकत्र बसवायचं. दवाखाने, पाणवठे, कचेऱ्या यांच्यासाठीही त्याच वर्षी असेच हुकूम निघाले. ज्या नोकराला हे पटत नसेल त्यानं राजीनामा द्यावा आणि पेन्शनची आशा सोडावी, असा त्यांचा सूर होता. महाराज हुकूम काढूनच थांबत नसत. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा तिथं कोणी चहा प्यायला येईना, म्हणून महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. पुढच्याच वर्षी, २१ आणि २२ मार्च १९२० ला, माणगावची परिषद झाली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर, आणि महाराज स्वतः तिथं हजर राहिले. माणगाव आपल्या हातकणंगले तालुक्यात आहे.

दसराच का निवडला असेल? माझा आपला एक तर्क आहे. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा करायची आणि मुलाला शाळेत घालायचं, ही आपली जुनी पद्धत. सोनं वाटायचं, एकमेकांच्या घरी जायचं. त्याच मुहूर्तावर शाळेच्या दाराशी ही नवी मुलं उभी राहिली असतील.

आमच्या गावाला सिनेमाचं भारी वेड, हे तुम्हाला माहीत आहेच. गंमत बघा, महाराजांच्या हुकुमाच्याच काळात इथं बाबूराव पेंटर स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं चित्रपट काढायच्या खटपटीत होते. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालचा. म्हणजे गावात कॅमेरा होता आणि त्याच गावात शाळांची दारं उघडत होती, पण कॅमेरा पुराणातल्या गोष्टींकडं वळलेला होता. शिवाशिवीवर सिनेमा यायला आणखी काही वर्षं जावी लागली. याच कोल्हापुरात सुरू होऊन पुण्याला गेलेल्या ‘प्रभात’नं १९३५ साली ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक आपले व्ही. शांताराम आणि संत एकनाथांच्या कामाला बालगंधर्व. आधी नाव होतं ‘महात्मा’. ते इंग्रजांच्या सेन्सॉरला चाललं नाही, कारण महात्मा म्हटलं की लोकांना गांधीजीच आठवणार! एका सिनेमाच्या नावाला सरकार घाबरतं, याचा अर्थ सिनेमानं माणसाचं मन हलतं हे सरकारलाही ठाऊक होतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग सोमवारी एक पालक भेटायला आले. चांगले गृहस्थ आहेत, शाळेला नेहमी मदत करतात. म्हणाले, "बाई, पोरांना जातबीत कशाला शिकवताय? त्यांच्या डोक्यात काही नसतं. तुम्ही सांगितलं की येतं." मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. चहा दिला आणि ‘बघते’ म्हटलं. पण घरी जाताना बसमध्ये आठवलं, की जूनमध्ये पहिलीत आलेलं पोर दुसऱ्या पोराला काय विचारतं? "तुझं नाव काय?" मग, "आडनाव काय?" हे आडनाव विचारायला त्याला कोणी शिकवलं? मी तर नाही. रुबीचा रंग दुरून दिसत होता. आपल्याकडं रंगानं काही कळत नाही, म्हणून आपण आडनाव विचारतो.

रुबीनंच मोठेपणी सांगितलेली एक आठवण आहे. त्या शाळेत थोडी गोरी मुलं उरली होती, पण त्यांना तिच्यापासून लांब ठेवलेलं. पुढं एकदा त्यांची गाठ पडली तेव्हा एक मुलगा तिला म्हणाला, मी तुझ्याशी खेळू शकत नाही, माझी आई नको म्हणते. तो रागानं बोलत नव्हता, आईनं सांगितलं ते तिला सांगत होता. बाहेर इतके महिने लोक का ओरडतात, हे रुबीला त्या दिवशी कळलं.

आमचे काही जुने विद्यार्थी आता नववी-दहावीत आहेत. ते अधूनमधून शाळेत डोकावतात. त्यांच्याशी हे बोलणं निघालं तर एक जण म्हणाला, "बाई, रुबीचं ठीक हाय. तुम्ही ‘फँड्री’ बघितलाय न्हवं?" बघितला होता. नागराज मंजुळे यांचा हा २०१३ सालचा सिनेमा. तुमच्यापैकी मोठ्यांनी घरच्यांबरोबर बसून तो जरूर बघावा. त्यातला जब्या तुमच्याच वयाचा, शाळेत जाणारा. त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं धरायचं काम करावं लागतं, आणि आपण डुकरामागं पळताना वर्गातल्या मुलांनी बघू नये म्हणून जब्या लपत असतो. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, सगळं घर थांबतं आणि डुक्कर निसटतं. पुढं ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागं शाळेची भिंत दिसते. त्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र. आमच्या शाळेच्या भिंतीवर आहेत तशीच चित्रं! शेवटी जब्या चिडून दगड भिरकावतो आणि तो दगड सरळ आपल्या तोंडावर येतो. सिनेमा तिथंच संपतो.

तो विद्यार्थी म्हणाला, "रुबीच्या पिच्चरमध्ये आपण रुबीच्या बाजूला बसलेलो असतो. ह्यात आपण दगड लागणाऱ्यांत असतो. म्हणून आमच्यातली निम्मी पोरं म्हटली, शेवट काय कळला नाही."

मी डी.एड.ला असताना दृक्‌श्राव्य साधनांवर पानंच्या पानं लिहिली होती. त्यात हे नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी वर्गाचे गट पाडले. काम दिलं, १९१९ चा दसरा झाला आहे, शाळेचा पहिला दिवस आहे, नवीन मुलगा दारात उभा आहे. पुढचा प्रसंग लिहायचा. मास्तर कुठं उभे आहेत, पाण्याचा माठ कुठं आहे, कोण कोण आधीच बसलंय, हे सगळं ठरवायचं. अमेरिका नाही, करवीर संस्थान. मुलांनी झकास लिहिलं. एका गटानं तर महाराजांनाच घोड्यावरून वर्गात आणलं. घोडा दारातून आत कसा आला ते विचारू नका.

त्या ‘मी विचारलो’वाल्या मुलीनं मात्र वेगळंच लिहिलं. तिचा नायक आधीपासून वर्गात बसलेला मुलगा होता. आईनं घरून निघताना बजावलंय, नवीन पोराजवळ बसायचं नाही. नवीन मुलगा येतो, मास्तर म्हणतात, ह्याच्या शेजारी बस. तिनं शेवटचं वाक्य लिहिलं होतं, ‘मग तो सरकला.’

मी विचारलं, "कुठल्या बाजूला? जागा द्यायला सरकला की लांब सरकला?"

म्हणाली, "बाई, तेच ठरंना झालंय. दोन्हीकडं सरकवून बघितलो. दोन्ही खरं वाटतंय."

मी म्हटलं, चला, हा प्रसंग करूनच बघू. आणि इथं एक गोष्ट घडली. ‘रुबी कोण होणार’ असं विचारलं असतं तर वर्गातल्या सगळ्या मुलींनी हात वर केले असते. तो नवीन मुलगा व्हायला मात्र कोणी उठेना. एक जण हळूच म्हणाला, "नंतर पोरं तेच नाव पाडत्यात वो." कोणी खिडकीबाहेर बघतंय, कोणी वहीत. आणि मग पुन्हा ती डोकी मागं वळली. या वेळी वर्गात लख्ख उजेड होता.

शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं आला. त्याच्या घरचे पालं टाकून राहतात, भंगार गोळा करतात. त्याचं आडनाव ऐकलं की कोणालाही कळतं. जूनमध्ये तो दोनचार दिवस उशिरा आला, तेव्हा मी त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं. उशिराचीच शिक्षा होती ती. पण जून गेला, पावसाळा गेला, तो वेळेवर यायला लागला, आणि तरी बाक तेच राहिलं. शेजारी कोणी बसत नव्हतं, याची कोणी तक्रारही केली नव्हती. खिचडीच्या रांगेतही तो शेवटी असे. मला वाटायचं, त्याचा स्वभावच तसा आहे.

वर्ग त्याच्याकडं बघत होता. त्यानं मान खाली घातली होती. मी घाईघाईनं म्हटलं, "नवीन मुलगा मी होणार." पोरं हसली. "आणि मास्तर हा." असं म्हणून मी त्याला पुढं बोलावलं आणि माझी पट्टी त्याच्या हातात दिली.

तो आला. पट्टी घेऊन टेबलाशी उभा राहिला. मी दाराबाहेर जाऊन हात बांधून उभी राहिले आणि विचारलं, "मास्तर, आत येऊ काय?"

त्यानं थोडा वेळ विचार केला. मग पट्टीनं मागचं बाक दाखवलं. "उशिरा आलाईस. तिथं बस."

अगदी माझाच आवाज काढला त्यानं. वर्ग खो खो हसला, मीही हसले आणि जाऊन त्या बाकावर बसले. सात महिन्यांत मी तिथं कधी बसले नव्हते. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उजेडानं फळ्याची डावी बाजू नुसती चकाकत होती, एक अक्षर वाचता येत नव्हतं. गृहपाठ मी रोज तिथंच लिहिते.